बाहेर जेवायचंच आहे, तर कुठे? खानावळ, स्टेशन आणि हॉटेलची गोष्ट

मधुमेहाची किंवा ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली की पेशंट पथ्याचा कागद घरी नेतो आणि घरात असेपर्यंत तो बऱ्यापैकी पाळतोही. अडचण येते घराबाहेर पडल्यावर. सासऱ्यांचं ऑपरेशन अकोल्याला आहे, आठ दिवस तिथेच मुक्काम. मुलीच्या ॲडमिशनसाठी छत्रपती संभाजीनगरला चकरा आहेत. कोर्टाची तारीख आहे, दिवसभर बुलढाण्यात बसायचंय. अशा वेळी "बाहेरचं खाऊ नका" हा सल्ला देणाऱ्याला सोपा असतो, घेणाऱ्याला निरुपयोगी. बाहेर खावं लागणारच आहे. प्रश्न एवढाच, की कुठे.

यावर पदार्थांची यादी द्यायची माझी इच्छा नाही, कारण यादी तुम्ही गाडीत बसेपर्यंत विसरता. त्यापेक्षा आज थोडा इतिहास सांगतो. जेवण विकणारी प्रत्येक जागा मुळात कोणासाठी तरी सुरू झाली. कुणी रोज येणाऱ्यासाठी, कुणी गाडी सुटायच्या आत खाणाऱ्यासाठी, कुणी वर्षातून एकदा मजा करायला येणाऱ्यासाठी. तिथलं तेल, मीठ, मैदा, मसाला हे सगळं त्या मूळ गिऱ्हाइकाला बघून ठरलेलं आहे. हे एकदा कळलं की अनोळखी शहरातही दारातूनच जागा ओळखता येते.

शिदोरीचा काळ

आपल्या पणजोबांना हा प्रश्न पडतच नव्हता, कारण बाहेर विकत घेऊन जेवणं हीच मुळात कमीपणाची गोष्ट होती. बैलगाडीने निघायचं तर सोबत शिदोरी. दशम्या, भाकरी, ठेचा, जवसाची चटणी, कांदा. मुक्काम धर्मशाळेत, आणि गरम खायचंच असेल तर तीन दगडांची चूल. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवतात, चटणी कोरडी ठेवतात, यामागे पिढ्यांचं शहाणपण आहे. अन्न नासवणाऱ्या जंतूंना ओल लागते. ज्या पदार्थात पाणी कमी, तो प्रवासात टिकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कचोरीपाशी तिची गरज पडेल.

दुसऱ्याच्या हातचं न खाण्यामागे जात होती, हेही सांगायला हवं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. एवढ्याशा चहावरून वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि रानड्यांसह अनेकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळायचं. खानावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असायची, आणि ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना पैसे देऊनही आत बसता येत नसे. म्हणूनच राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा उल्लेख नावानिशी आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने अशी बंदी हा गुन्हा ठरवला. आज बसस्टँडसमोर कुणीही कुठल्याही बाकावर बसून वरणभात खाऊ शकतो, ते आपोआप झालेलं नाही.

रेल्वे, कापूस आणि खानावळ

वऱ्हाडात बाहेर जेवणाऱ्यांची संख्या वाढली ती कापसाने आणि रेल्वेने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये भुसावळकडून येणारी रेल्वे नागपूरला पोचली. आपल्या जिल्ह्यातली मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं त्याच मार्गावरची. पुढे १८७० मध्ये जलंबहून खामगावला जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका कापूस बाजारासाठी व्हाइसरॉय खामगावात, यावरून त्या बाजाराचा दबदबा लक्षात यावा.

बाजार म्हणजे दलाल, हमाल, जिनिंग-प्रेसिंगचे कामगार, कारकून. घर लांब, बायकामुलं गावी, आणि दुपारी बाराला पोट वाजणारच. अशा एकट्या माणसांसाठी जी जागा निर्माण होते तिचं नाव खानावळ. मुंबईत गिरण्यांमुळे हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. गिरणगावातल्या हजारो कामगारांना आपल्या खोलीत रांधून जेवू घालणाऱ्या बायका होत्या. त्यांतल्या कितीतरी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या. किराणा उधारीवर, त्यावर सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवलं.

आता डॉक्टर म्हणून मला खानावळीतली जी गोष्ट आवडते ती सांगतो. खानावळीचा धंदा महिन्याच्या मेंबरवर चालतो. मेंबर आजारी पडला, त्याला पित्त झालं, जुलाब लागले, की तो दुसरीकडे जातो. त्यामुळे खानावळ चालवणाऱ्याला असं जेवण करावं लागतं जे माणूस तीसही दिवस दोन वेळा पचवू शकेल. वरण, एक भाजी, पोळी किंवा भाकरी, भात, कांदा. भाजी तीच जी त्या दिवशी मंडईत स्वस्त, म्हणजे हंगामातली. तेल बेताचं, कारण तेल महाग. मेंबर लोक वरण पातळ असल्याची कुरकुर शंभर वर्षं करत आले आहेत. करू देत. त्या पातळ वरणाने आणि बेताच्या तेलाने जेवढी हृदयं सांभाळली तेवढी माझ्या औषधांनी सांभाळली असतील की नाही, शंका आहे.

स्टेशनवरची कचोरी

शेगावचं नाव निघालं की कचोरी आलीच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली. वर मैद्याचं कवच, आत डाळीचं मसालेदार सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. आज ती महाराष्ट्रभर शेगावच्या नावाने विकली जाते.

तिची रचना बघा. गाडी स्टेशनवर काही मिनिटंच थांबणार. म्हणून पदार्थ असा हवा की ताट नको, वाटी नको, हातात धरून खाता यावा, गळू नये, आणि उरला तर पुढच्या प्रवासात टिकावा. मग मैदा आला, मोहन आलं आणि खरपूस तळणं आलं. गरम तेलात पदार्थातलं पाणी वाफ होऊन जातं आणि त्याची जागा थोडं तेल घेतं. पाणी कमी म्हणून कचोरी टिकते, शिदोरीतल्या चटणीसारखीच. पण ज्या गुणांनी ती प्रवाशाच्या सोयीची झाली, तेच गुण मधुमेहाच्या पेशंटला अडचणीचे. मैदा लवकर साखरेत बदलतो, तेलाने कॅलरी वाढतात, आणि पोट मात्र जेवण झाल्यासारखं भरत नाही, म्हणून दुसरी घेतली जाते.

माझं म्हणणं कचोरी खाऊ नका असं अजिबात नाही. शेगावला गेलात तर एक खा, गरम खा, आणि त्या वेळच्या जेवणातली एक पोळी कमी करा. मी बोलतोय ते वेगळ्याच माणसाबद्दल. दवाखान्यात नातेवाइकाजवळ बसलेला माणूस सकाळी कचोरी, दुपारी समोसा, रात्री आलूबोंडा-रस्सा असं आठ दिवस काढतो. ऑपरेशन वडिलांचं होतं आणि शुगर मुलाची तीनशेवर जाते. स्टेशनचा पदार्थ एका प्रवासासाठी घडवलेला आहे. त्यावर मुक्काम करायचा नसतो.

दुसरी बाब तेलाची. एकदाच येणारं गिऱ्हाईक उद्या तक्रार करायला येत नाही. त्यामुळे कढईतलं तेल किती वेळा तापलं हे विचारणारं कुणी नसतं. तळून तळून तेल बिघडलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात. १ जुलै २०१८ पासून नियम असा आहे की त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही. तुमच्याकडे ते मोजायचं यंत्र नाही, पण डोळे आणि नाक आहे. तेल काळपट, दाट, फेसाळ, आणि गाड्याच्या चार पावलं अलीकडेच घशाला खवखव, एवढं पुरेसं आहे.

१९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. कल्पना उत्तम होती. डाळीचं पीठ आणि ज्वारी, आणखी काय पाहिजे? पण पुढे अनेक केंद्रांवर झुणका-भाकर मागे पडली आणि चहा, वडे, भजी पुढे आली. यात सबसिडीचं गणित होतं, राजकारण होतं, पण एक कारण जागेचंही आहे असं मला वाटतं. एसटी स्टँडवरचा माणूस घाईत असतो. घाईतल्या माणसासमोर कढई नेहमी तव्याला हरवते.

फॅमिली हॉटेल आणि ग्रीक जेवण

तिसरी जात म्हणजे आपण ज्याला फॅमिली हॉटेल म्हणतो ती. चिखली असो की मेहकर, मेनूकार्ड उघडलं की पनीर बटर मसाला, काजू करी, तंदुरी रोटी. यांतलं काहीच वऱ्हाडातलं नाही. हे कार्ड दिल्लीहून आलं. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीच्या दरियागंजमध्ये मोती महल सुरू केलं, तंदूर हॉटेलात रुळवला, बटर चिकन प्रसिद्ध केलं. पुढे तेच पदार्थ भारतभर "हॉटेलचं जेवण" म्हणून पसरले, हायवेवरच्या ढाब्यांनी ते आपल्यापर्यंत आणले. लोणी, मलई, काजू हा सणाचा थाट आहे. घरी करत नाही तेच खायला माणूस तिथे जातो, म्हणून घरचं जेवण तिथे कार्डावरच नसतं. लग्नाच्या वाढदिवसाला जरूर जा. फक्त ते रोजच्या भुकेवरचं उत्तर नाही.

हल्ली पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं आईवडिलांना ग्रीक रेस्टॉरंटमध्ये नेतात. "बाबा, ग्रीक जेवण हार्टला चांगलं असतं, डॉक्टरच सांगतात." हे अर्धं खरं आहे, आणि राहिलेलं अर्धं नीट समजून घेण्यासारखं आहे.

ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ पासून सात देशांतल्या पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा अभ्यास केला. ग्रीसचं क्रीट बेट त्यात होतं, आणि तिथे हृदयविकाराने होणारे मृत्यू अत्यंत कमी आढळले. ते लोक खात काय होते? जाडाभरडा ब्रेड, कडधान्यं, रानातल्या पालेभाज्या, ऑलिव्ह आणि त्याचं तेल, फळं. मांस क्वचित. त्यांच्या धर्मात उपवासाचे दिवस वर्षात जवळपास निम्मे, त्या दिवशी मांस आणि दूधदुभतं वर्ज्य. आणि दिवसभर शेतात, डोंगरात चालणं. म्हणजे गरीब शेतकऱ्याचं रोजचं जेवण. आपल्याकडची भाकरी, अंबाडीची भाजी, पातोडीचा रस्सा आणि जवसाची चटणी यांची त्याच्याशी भेट घडवली तर दोघांना एकमेकांची ओळख पटेल. (ऑलिव्ह तेलाचं उदाहरण देऊन तर्रीचं समर्थन करू नका. माझ्याकडे हा प्रयत्न झालेला आहे.)

पण शहरातल्या ग्रीक रेस्टॉरंटच्या कार्डावर हे शेतकऱ्याचं जेवण शोधावं लागतं. ठळक अक्षरात असतं ते सळईवरचं मांस, मैद्याचा पीटा, फ्रेंच फ्राइज, चीज. कारण तेच. हॉटेल सणाचं जेवण विकतं. परदेशातल्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये बटर चिकन मिळतं, पिठलं मिळत नाही, तसंच हे. खुद्द ग्रीसमध्ये आज मुलांच्या लठ्ठपणाचं प्रमाण युरोपातल्या सर्वांत जास्त देशांत मोडतं, कारण आजोबांचं जेवण तिथेही मागे पडत चाललं आहे. गंमत म्हणजे ग्रीसमध्येही खानावळ आहे. मागिरिओ म्हणतात तिला. सकाळी पातेली चढतात, घेवड्याच्या दाण्यांचं कालवण, टोमॅटोत शिजवलेली भेंडी, वांगी. दुपारी कामगार येऊन जेवतात.

तेव्हा मुलांनी नेलं तर आनंदाने जा, आणि कार्डावर मागिरिओचे पदार्थ शोधा. दाण्यांचं सूप, भाज्या, भाजलेला मासा किंवा चिकन. झाझिकी नावाचा पदार्थ दिसेल, ती दही-काकडी-लसणाची कोशिंबीरच आहे, बिनधास्त घ्या. पीटा एक पुरे. ज्यांना बीपी आहे त्यांनी फेटा चीज आणि ऑलिव्ह जपून, कारण दोन्ही मिठाच्या पाण्यात मुरवलेले असतात. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यातलं बरंचसं घरच्या जेवणात आधीच संपलेलं असतं.

मग जागा कशी ओळखायची?

अनोळखी शहरात पोचलात की कार्ड वाचण्याआधी बसलेली माणसं बघा. शेजारच्या दुकानातला नोकर, कंपाउंडर, वॉर्डबॉय, रिक्षावाले, कॉलेजची मुलं रोजच्यासारखी येऊन न बोलता जेवतायत, कुणी पाटी न बघता ऑर्डर देतोय, तर ती जागा खानावळीच्या जातीची. पाटीवर काहीही लिहिलेलं असो. मोठ्या दवाखान्याच्या दारातली झगमगीत हॉटेलं बहुतेक एकदाच येणाऱ्यांवर चालतात. दवाखान्यातल्या सिस्टरला किंवा मामांना विचारा, "तुम्ही कुठे जेवता?" चांगलं हॉटेल कुठे, असं विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला पनीरपाशी घेऊन जाईल. खाद्य परवान्याचा चौदा आकडी नंबर भिंतीवर लावणं बंधनकारक आहे, तोही एकदा बघा. आणि दुपारी चारला जेवण्यापेक्षा साडेबाराला जेवा, जेव्हा पातेली नुकतीच उतरलेली असतात. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला तर त्यात जंतू वाढतात, आणि पुन्हा गरम केला तरी त्यांनी तयार केलेलं विष सगळं जात नाही.

एक धोका मात्र उलट्या बाजूने येतो, आणि तो जास्त तातडीचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी घेणारा पेशंट "चांगलं काही मिळालं की जेवू" म्हणत तीन वाजवतो. गोळी सकाळीच पोटात गेलेली असते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड. शुगर ७० च्या खाली आली आहे. त्या वेळी समोर जे गोड असेल ते लगेच. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि नंतर नीट जेवण. पेशंट शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. वेळेवर खाल्लेली कचोरी ही वेळ टळून गेलेल्या उत्तम भाकरीपेक्षा अशा पेशंटला केव्हाही बरी.

समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेडराजा भागातल्या लोकांचा प्रवास तासांनी कमी झाला. पण जुन्या हायवेसारखं वाटेल तिथे थांबून ढाबा गाठता येत नाही. या रस्त्यावर पणजोबांची शिदोरीच बरी. दोन दशम्या आणि कोरडी चटणी.

खर्चाचा प्रश्न असेल तर शिवभोजन केंद्राची चौकशी करा. ही योजना २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झाली. तिची थाळी खानावळीच्या हिशोबानेच आखलेली आहे: तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. मधुमेह असेल तर यातला भात निम्मा करायला सांगा, सोबत घरून आणलेला कांदा-काकडी घ्या. भाजीवर तेलाचा तवंग असेल तर तो चमच्याने बाजूला काढा. वरण मात्र सगळं संपवा, आणि पातळ असलं तर आणखी एक वाटी मागून बघा.